पेन्शन ‘गेली’ म्हणतात, खात्यात मात्र नाही: मुलगा 18 वर्षांचा झाल्यावर काय तपासायचं

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका आईचा आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी, अपंगत्वाचा दाखला 75 टक्क्यांचा. लहानपणापासून राज्य सरकारची दिव्यांग पेन्शन त्याच्या खात्यात यायची. यंदा त्याला 18 पूर्ण झाली आणि काही महिन्यांपासून पासबुकात एकही नोंद नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसातला बाबू म्हणतो, “भुगतान हो गया है, बैंक से पूछो.” बँक म्हणते, आमच्याकडे काही आलंच नाही. शेजारी सांगतात, आता पैसे सोडायची पद्धतच बदलली, जुन्या पेन्शनी बंद होणार. खरं काय?

ताई, पेन्शन बंद झालेली नसावी. नाव कापलं असतं तर बाबूने ‘भुगतान’ हा शब्द काढला नसता. पद्धत बदलली हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच बाबू आणि बँक दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात.

मी बँकेत होतो तेव्हा पेन्शनची यादी यायची ती खात्यांची. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम. एक आकडा चुकला की रक्कम परत. आता सरकारी लाभाचे बहुतेक पैसे आधार क्रमांकावर सोडतात. पाठवणारा खातं सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की अमुक आधार क्रमांकाच्या माणसाला 600 रुपये द्या. हा आदेश एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) आधार पेमेंट ब्रिजवर जातो. तिथे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. मॅपरमध्ये आधार क्रमांकासमोर बँकेची ओळख असते, खाते क्रमांक नसतो. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक. नवी नोंदली की जुनी पुसली जाते. रक्कम त्या बँकेत पोचते आणि पुढे कुठल्या खात्यात टाकायची ते बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. घर बदलल्यावर पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवला की पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टपाल नव्या घरी येतं, तसा हा प्रकार. फक्त इथे नवा पत्ता भलत्याच माणसाने दिलेला असू शकतो.

आणि तसं सर्रास होतं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी खातं उघडलं, कॅम्पमध्ये कुणी अंगठा घेतला, पोस्टमनने घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून दिलं, आणि त्या फॉर्मवर ‘सरकारी लाभ या खात्यात घ्यायचे आहेत’ या चौकटीत टिक लागली. 2017 साली देशभर गाजलेलं प्रकरण आठवत असेल: सिमकार्डाच्या पडताळणीसाठी दिलेल्या अंगठ्यावर पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि लोकांची गॅसची सबसिडी तिकडे जाऊन पडली. पैसे बुडाले नव्हते, पण आपले पैसे कुठे आहेत हेच लोकांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा पहिलं काम झोन ऑफिसात जाण्याचं नाही, बँकेतही नाही. घरी बसून मुलाच्या आधारची ‘बँक सीडिंग स्थिती’ पाहा, म्हणजे मॅपरमध्ये त्याच्या आधारसमोर कुठली बँक नोंदली आहे ते. आधारच्या संकेतस्थळावर ‘माय आधार’मध्ये लॉगिन केलं की ती दिसते, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी *99*99*1# लावून पाहावं. तिथे बँकेचं नाव, स्थिती चालू की बंद, आणि शेवटची नोंद कधी झाली ती तारीख दिसेल. ती तारीख वहीत लिहून घ्या. पेन्शन थांबल्याच्या जरा आधीची तारीख आणि वेगळीच बँक दिसली, तर गाठ सुटली म्हणायची. त्या बँकेत जा, पासबुक काढून घ्या, बहुधा सगळे हप्ते तिथे पडलेले असतील.

बँक आपलीच दिसली तरी निर्धास्त होऊ नका, कारण तिथे खाते क्रमांक दिसत नाही. त्याच बँकेत मुलाची दोन खाती असतील, एक शाळेच्या वेळचं आणि एक नंतरचं, तर पैसे तुम्ही वापरता त्या खात्यात येतील याची खात्री नाही.

आता बँकेत. काउंटरवर “आधार लिंक आहे का?” असं विचारू नका. उत्तर “हो” येईल आणि तुम्ही परत याल. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, खात्याला आधार जोडणं वेगळं आणि लाभ मिळण्यासाठी एनपीसीआयमध्ये सीडिंग करणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतंत्र संमतीपत्र भरून द्यावं लागतं. विचारायचं ते असं: “या आधारचं एनपीसीआय मॅपिंग आमच्या याच खात्यावर आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत आधारवरून आलेली एखादी रक्कम परत गेली आहे का?” दुसरा भाग महत्त्वाचा. परत गेलेल्या रकमेची नोंद पासबुकात दिसत नाही, म्हणून काउंटरवरचा माणूस स्क्रीन बघून “काही आलंच नाही” म्हणतो. परतीचं कारण मात्र बँकेच्या प्रणालीत असतं. ‘केवायसी डॉक्युमेंट्स पेंडिंग’, ‘अकाउंट इनॅक्टिव्ह’, आणि तुमच्या बाबतीत मला ज्याची सर्वांत जास्त शंका आहे ते: ‘डॉक्युमेंट्स पेंडिंग फॉर अकाउंट होल्डर टर्निंग मेजर’. परतीच्या कारणांच्या यादीत हे कारण असंच्या असं आहे.

इंदुरात आणखी एक घोळ दर आठवड्याला दिसतो. 2023 मध्ये लाडली बहना योजना आली तेव्हा घरोघरच्या बायकांनी रांगा लावून आपली खाती डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी लाभ थेट खात्यात येण्यासाठी, चालू करून घेतली. त्यामुळे आईला वाटतं, आमच्या खात्याची डीबीटी चालू आहे. आहे, पण ती आईच्या आधारची. मुलाचं आणि आईचं संयुक्त खातं असेल आणि त्यावर आईचंच आधार सीड केलेलं असेल, तर मुलाची पेन्शन त्या खात्याला ओळखतच नाही. लाडली बहनाचे पैसे नियमित येतात आणि पेन्शन येत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी हेच बघतो. मुलाचं आधार मुलाच्या नावाच्या खात्यावरच हवं.

तुमच्या पत्रातला खरा कळीचा भाग 18 वर्षांचा. इथे जरा थांबतो, कारण हे प्रत्येक घरात होणार असतं आणि कुणी आधी सांगत नाही.

अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाचं खातं आई किंवा वडील पालक म्हणून चालवतात. मुलगा 18 वर्षांचा झाला त्या दिवशी तो कायद्याने सज्ञान होतो आणि तुमची सही त्या खात्यावर चालेनाशी होते. मुलगा चालू शकतो की नाही, बोलू शकतो की नाही, याच्याशी संगणकाला देणंघेणं नाही. जन्मतारीख बघून तो खातं अडवतो. बँकेला नवा फॉर्म, नवी सही किंवा अंगठा, नवा फोटो आणि ताजी केवायसी हवी असते. ते मिळेपर्यंत पैसे परत जात राहतात.

आता सही कोण करणार? तुम्ही लिहिलंत की तो हो-नाही स्पष्ट सांगतो, माणसं ओळखतो, पण हाताने लिहिता येत नाही आणि मोठे हिशेब कळत नाहीत. माझं मत असं की लगेच कायदेशीर पालकत्वाच्या मागे लागू नका. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा चालतो, अंगठा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. रिझर्व्ह बँकेने ही सोय ठेवलेली आहे: बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेतल्या नव्या पोरांना हे माहीत नसतं. शाखाधिकाऱ्याला भेटा आणि शांतपणे सांगा. महिन्याला 600 रुपये काढायचे, यासाठी मुलाच्या सगळ्या कायदेशीर निर्णयांचा हक्क दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज सहसा नसते.

व्यवहार अजिबातच समजत नसेल तर मात्र पालकत्व घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 आहे. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे आई-वडिलांना अर्ज करता येतो, कोर्टात जावं लागत नाही. समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडण्या-चालवण्यासाठी बँकेने मान्य करायचं असतं. “कोर्टाचा कागद आणा” असं कुणी म्हणालं तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये या समितीचा उल्लेख आहे हे सांगा. एक मात्र लक्षात ठेवा, पालकत्व मिळालं की संपलं असं नाही. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत हिशेब. बहुतेक घरांत हे होत नाही. पुढे भावंडांत वाद झाला की तेच कागद मागितले जातात.

18 च्या आसपास आधारचंही एक काम असतं. मुलाचे बोटांचे ठसे आणि बुबुळं 5 व्या आणि पुन्हा 15 व्या वर्षी नव्याने द्यायची असतात. ते राहून गेलं असेल तर आधारची पडताळणी फसत राहते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची मूठ उघडत नाही, नजर स्थिर राहत नाही, मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहतं, ऑपरेटर वैतागतो आणि “नहीं हो पाएगा, आंटी” म्हणून मोकळा होतो. होतं. ज्यांचे ठसे किंवा बुबुळं घेता येत नाहीत त्यांच्यासाठी ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून वेगळी नोंदणी असते. नुसते ठसे मिळत नसतील तर बुबुळांवर भागतं, नुसती बुबुळं मिळत नसतील तर ठशांवर, आणि दोन्ही नसतील तर अपवाद नोंदवून फोटोवर. बाजारातल्या दुकानापेक्षा आधार सेवा केंद्रात जा, सकाळच्या वेळी, मुलगा ताजातवाना असताना.

मग समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबांची आणि सदस्यांची नोंदणी. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय पान हलत नाही हे तुम्हाला सांगायला नको. कुटुंबाचा आयडी 8 आकडी, सदस्याचा 9 आकडी. पेन्शन सदस्याच्या आयडीवर बांधलेली असते, म्हणून ऑफिसात जाताना 9 आकडी क्रमांक घेऊन जा. लोक कुटुंबाचा देतात आणि बाबू “रेकॉर्ड नहीं है” म्हणतो. समग्रची ईकेवायसी झालेली नसेल तर पेन्शन रोखली जाऊ शकते. आपल्या मराठी घरांत यात एक खास अडचण येते: नावाच्या मधलं वडिलांचं नाव. आधारवर मुलाचं नाव तिहेरी, शाळेच्या दाखल्यात दुहेरी, समग्रमध्ये कुणी तरी हिंदी पद्धतीने ‘कुमार’ घातलेलं, आणि अपंगत्वाच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग चौथंच. रामबाग असो की राजेंद्र नगर, हीच रड. आधारवरचं नाव हे मूळ धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, उलट करू नका. ईकेवायसी केली की समग्रमध्ये आधारचंच नाव उतरतं, त्यामुळे आधी आधार नीट करा.

दाखलाही एकदा काढून बघा. 1 जून 2021 पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र फक्त यूडीआयडी (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) पोर्टलवरून ऑनलाइन मिळतं. तुमच्या मुलाचा दाखला लहानपणीचा असेल तर तो हाताने लिहिलेला असण्याची शक्यता आहे. त्यावर ‘तात्पुरता’ असं लिहून मुदत घातली आहे का ते पाहा. लहान मुलांना पुष्कळदा मुदतीचाच दाखला देतात आणि तो संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. यूडीआयडी कार्ड नसेल तर आजच अर्ज भरा, कारण ऑक्टोबर 2024 च्या नव्या नियमांनी दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली आहे. त्या नियमांत कार्डांचे रंगही ठरले: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80 ला पिवळं, 80 आणि त्याहून जास्त असेल तर निळं. तुमचं पिवळं येईल.

टक्क्यांवरून आठवलं. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की 80 टक्के लिहून घेतले तर केंद्राची जास्त पेन्शन मिळते म्हणे. नाही. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन 2009 पासून आहे, 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व, बीपीएल कुटुंब, वय 18 ते 79 अशांसाठी. पण तिच्यात केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपयेच आहे. राज्य त्यात आपले 300 घालून 600 करतं, आणि राज्याची स्वतःची दिव्यांग पेन्शनही 600 च. 2019 पर्यंत तीही 300 होती. तेव्हा टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. हातात येणारी रक्कम तीच, वर खोट्या दाखल्याचं लचांड.

वरून पैसे सुटण्याच्या पद्धतीतही बदल झाले आहेत, त्याचं थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2021 पासून केंद्राचा वाटा असलेल्या योजनांचे पैसे राज्यात एकाच नोडल संस्थेच्या एकाच खात्यात ठेवायचे असा नियम झाला. आधी ते जिल्ह्या-जिल्ह्यांच्या खात्यांत पडून राहायचे. त्यानंतरची ‘स्पर्श’ म्हणून नवी व्यवस्था आहे, तिच्यात पैसे आगाऊ ठेवायचेच नाहीत, देणं निघालं की थेट रिझर्व्ह बँकेमार्फत सोडायचे. हे सगळं सरकारच्या खजिन्याचं काम. त्यात उशीर झाला तर तो सगळ्यांनाच होतो. म्हणून साधी चाचणी: तुमच्या वस्तीतल्या, मुलाच्या शाळेतल्या दुसऱ्या कुणाला या महिन्याची पेन्शन आली का ते विचारा. त्यांना आली आणि तुम्हाला नाही, तर अडचण भोपाळ-दिल्लीत नाही, ती तुमच्या कागदांत किंवा खात्यात आहे. शेजाऱ्यांच्या अफवेचं उत्तरही यातच आलं.

हे सगळं बघून झालं की मग झोन ऑफिस. बाबूला “पेन्शन का नाही आली” विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. पेन्शन पोर्टलवर पेन्शनरचं पासबुक असतं, सदस्य आयडी घातला की महिन्यामागून महिना दिसतो. त्याची छापील प्रत मागा किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानातून काढून घ्या. ती आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवलं की कोणत्या महिन्यापासून फाटा फुटला ते दिसतं. तो महिना मुलाच्या वाढदिवसाच्या लगेच नंतरचा निघाला तर बँकेतलं सज्ञानपणाचं काम आधी उरका, बाकी नंतर.

खातं ‘इनॅक्टिव्ह’ निघालं तर एक गोष्ट ठासून सांगा. सरकारी लाभासाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना, दोन वर्षं व्यवहार नाही एवढ्याच कारणाने निष्क्रिय ठरवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2024 पासून लागू. शिवाय निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. एका आजोबांकडून तीन-चारशे रुपये कापून घेतलेले मी पासबुकात पाहिलेत. लेखी मागितल्यावर मुकाट्याने परत केले. शाखा ऐकत नसेल तर तिला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकीलही नाही.

ऑफिसाबद्दलची तक्रार वेगळ्या दाराने: 181 वर सीएम हेल्पलाइन, नाही तर मंगळवारी कलेक्टर ऑफिसची जनसुनवाई. 181 वर तक्रार केली की काही दिवसांनी फोन येतो, “मैडम, संतुष्ट हैं ना, बंद कर दें?” पैसे खात्यात दिसेपर्यंत हो म्हणू नका. समोरचा कितीही गोड बोलला तरी. तक्रार ज्या पातळीवर सुटत नाही तिथून ती वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते, हो म्हटलंत की तिथेच संपते. आणि बँकेचा दोष असेल तर 181 वर झोन ऑफिसाला झोडपून काही निघणार नाही. कुणाच्या नावाने ओरडायचं हे परतीच्या कारणावरून ठरतं, म्हणून मी त्याचा एवढा आग्रह धरतोय.

थकलेल्या हप्त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. परत गेलेली रक्कम खातं सुरळीत झाल्यावर आपोआप येईल असं धरून बसू नका. पुढचा हप्ता सुरू झाला की लोक समाधानाने गप्प बसतात आणि मधले महिने तसेच राहतात. खातं चालू झाल्यावर झोन ऑफिसात एक पानी अर्ज द्या, हिंदीत: मुलाचं आधारवरचं नाव, 9 आकडी समग्र आयडी, पोर्टलवर ‘भुगतान’ दिसणारे पण खात्यात न आलेले महिने एकाखाली एक, बँकेने सांगितलेलं परतीचं कारण, आणि खातं आता चालू असल्याचा पुरावा म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि सीडिंग स्थितीची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

बँकेतून परतीचं कारण कळलं की ते जसं स्क्रीनवर असेल तसंच, शब्द न बदलता, इथे लिहा. मुलाची जन्मतारीख आणि सीडिंगची तारीखही द्या. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मात्र लिहू नका. त्या तिन्ही गोष्टी पाहून पुढचं सांगतो.